जहाजातले जहाज : वरच्या दर्जाचे मोल

आजच्या एखाद्या मोठ्या पर्यटन-जहाजाचा, म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘क्रूझ’ म्हणू लागलो आहोत त्याचा, आराखडा पाहिला तर बहुधा सर्वांत वरच्या मजल्यांवर एक निराळ्या रंगाने दाखवलेला भाग आढळतो. तेथे जाणारी लिफ्ट विशिष्ट कार्डाशिवाय चालत नाही. आत प्रशस्त स्वीट, म्हणजे दोन-तीन खोल्यांची दालने. स्वतंत्र भोजनगृह, स्वतंत्र दिवाणखाना, स्वतंत्र गच्ची आणि तलाव. शिवाय दिमतीला बटलर. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या भागाला ‘द हेवन’ म्हणते, एमएससी कंपनी ‘यॉट क्लब’ म्हणते. जाणकारांच्या बोलीत त्याला ‘जहाजातले जहाज’ असे सार्थ नाव आहे. भाडे साध्या केबिनच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही अधिक. एवढे पैसे मोजणे योग्य आहे काय, हा प्रश्न मग प्रवाशापुढे उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः सोयींची यादी करून दिले जाते : इतके चौरस फूट, इतकी पेये, इतके नोकर. आमच्या मते ही यादी अपुरी आहे. जहाजावरचा वरचा दर्जा म्हणजे नेमके काय विकत घेणे, याचे उत्तर गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलले आहे. तो बदल पाहिल्यावाचून आज काय विकले जात आहे ते कळत नाही, आणि ते कळल्यावाचून किंमत रास्त की अवाजवी हेही ठरत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच.

प्रारंभ साहित्यातूनच करता येईल. १८४२ च्या जानेवारीत चार्ल्स डिकन्स सपत्नीक लिव्हरपूलहून बॉस्टनला निघाले ते क्यूनार्ड कंपनीच्या ‘ब्रिटानिया’ या वाफेच्या जहाजाने. ‘अमेरिकन नोट्स’ या त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी आपल्या राखीव खोलीचे वर्णन केले आहे. लंडनमधील दलालाच्या कचेरीत टांगलेल्या चकचकीत शिळाछापाच्या चित्रात जे दालन राजेशाही दिसले होते, ते प्रत्यक्षात एवढे चिंचोळे निघाले की प्रवासी पेट्या आत नेण्याचीच पंचाईत. मोठ्या दिवाणखान्याची तुलना त्यांनी खिडक्या असलेल्या शववाहिनीशी केली. माहितीपत्रक आणि वस्तुस्थिती यांतील अंतर हा क्रूझ-उद्योगाचा अलीकडचा शोध नव्हे, हे यावरून दिसते. डिकन्स यांच्या पुस्तकाचा उत्तरार्ध मात्र अधिक महत्त्वाचा आहे. परतीच्या प्रवासात ते शिडाच्या जहाजाने आले, आणि त्या जहाजाच्या पोटात कोंबलेल्या शंभरेक गरीब उतारूंची दैना पाहून अशा उतारूंच्या रक्षणासाठी कायदा हवा, असे त्यांनी लिहिले. स्वतःच्या अरुंद खोलीवर विनोद करणारा लेखक खालच्या दर्जापाशी आल्यावर विनोद सोडतो. दर्जाचा विचार वरून खाली पाहिल्याशिवाय पुरा होत नाही, हे येथेच ध्यानात यावे.

आता जागेचा विचार करू. जहाजावर ‘चांगली जागा’ कोणती, हे निसर्गाने कायमचे ठरवून दिलेले नाही. ते यंत्राने ठरवले आणि यंत्राबरोबर बदलले. शिडाच्या काळात मान पिछाडीला होता. कप्तानाची खोली तेथे, मोठ्या खिडक्या तेथे. वाफेचे एंजिन आणि मळसूत्री पंखा आला आणि तीच पिछाडी हादऱ्यांची व गोंगाटाची जागा झाली. १८७१ मध्ये व्हाइट स्टार लाइनने ‘ओशनिक’ या जहाजावर पहिल्या वर्गाच्या खोल्या पिछाडीहून उचलून मध्यभागी आणल्या, आणि पुढे इतरांनीही तोच कित्ता गिरवला. जहाजाचा मध्य हा सर्वांत कमी हेलकावणारा भाग. तेव्हा या बदलाने पैशाच्या मोबदल्यात खरोखरच काही पदरात पडले. पुढे लिफ्ट आली, वातानुकूलन आले, काचेच्या भिंती व सज्जे आले, आणि मान मध्यभागातून उठून माथ्यावर जाऊन बसला. आजचे बरेचसे राखीव विभाग माथ्यावर, आणि ते पुढच्या किंवा मागच्या टोकाकडे असतात. परंतु समुद्र खवळला की जहाजाचा माथा आणि टोके हीच सर्वांत जास्त हलतात. ज्याला बोट लागते, त्याने मध्यभागातली खालच्या मजल्यावरची स्वस्त केबिन घ्यावी, हे भौतिकशास्त्र आजही बदललेले नाही. सर्वांत महाग खोली ही सर्वांत स्थिर खोली नसते, ही गोष्ट माहितीपत्रकात सहसा ठळक अक्षरांत आढळत नाही.

जागेच्या या महत्त्वावरून एक प्रसिद्ध दंतकथा हिंदुस्थानच्या मार्गाला चिकटली आहे. इंग्रजीतील ‘पॉश’ हा शब्द, जो आता मराठीतही मुरला आहे, तो म्हणे पी अँड ओ कंपनीच्या तिकिटांवरून आला : जाताना डाव्या बाजूची केबिन, परतताना उजव्या बाजूची, या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. तांबड्या समुद्रातून मुंबईकडे येताना दुपारचे ऊन जहाजाच्या उजव्या अंगाला लागते, तेव्हा डावी बाजू थंड, हा तर्क ठीक आहे. परंतु अशी अक्षरे उमटवलेले तिकीट आजवर पुढे आलेले नाही आणि कोशकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत. तरीही ही कथा टिकून आहे, आणि तिच्या टिकण्यातच एक ऐतिहासिक सत्य आहे. वातानुकूलनापूर्वी वरच्या दर्जाचा अर्थ मखमल नव्हता. वारा आणि सावली हा होता. ज्या वस्तू फुकट असायला हव्यात त्याच जहाजावर दुर्मीळ होत्या, म्हणून त्यांना भाव होता.

अशा दुर्मीळ वस्तूंत शेवटची वस्तू होती जीव. १९१२ च्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा जहाजावर सुमारे २२०० माणसे होती आणि जीवनौकांत जागा ११७८ जणांपुरती. ब्रिटिश चौकशी आयोगापुढे आलेले आकडे असे : पहिल्या वर्गातील १४४ स्त्रियांपैकी १४० वाचल्या; तिसऱ्या वर्गातील १६५ पैकी ७६. पहिल्या वर्गातील १७५ पुरुषांपैकी ५७ वाचले, तिसऱ्यातील ४६२ पैकी ७५. तिसऱ्या वर्गाला मुद्दाम डावलले गेले, असा निष्कर्ष आयोगाने काढला नाही. पण मुद्दाम डावलण्याची गरजच नव्हती. जीवनौका सर्वांत वर होत्या. वरच्या वर्गांच्या फिरण्याच्या जागा त्यांच्या लगत होत्या. आणि खालच्या उतारूंना अमेरिकेच्या स्थलांतरविषयक नियमांनुसार इतरांपासून वेगळे ठेवलेले होते. जहाजाचा आराखडाच निवाडा करून बसला होता. याच आकड्यांत एक वेगळी नोंदही आहे. दुसऱ्या वर्गातील १६८ पुरुषांपैकी फक्त १४ वाचले, म्हणजे प्रमाण तिसऱ्या वर्गाहूनही कमी. भाडे आणि जगणे यांचे गणित सरळ रेषेचे नव्हते. पण पायऱ्यांचे आणि दारांचे गणित होते, एवढे निश्चित.

या दुर्घटनेनंतर १९१४ च्या जानेवारीत लंडन येथे समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेविषयीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. महायुद्धामुळे तो ठरल्याप्रमाणे अमलात येऊ शकला नाही. पण १९२९ च्या आणि नंतरच्या करारांनी तत्त्व पक्के केले की जीवनौकेतील जागा प्रत्येकाला, दर्जा कोणताही असो. आमच्या दृष्टीने वरच्या दर्जाच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा क्षण आहे. एक वस्तू बाजारातून उठली आणि हक्क झाली. पुढच्या काळात तिच्यामागोमाग इतरही उठल्या. थंड हवा, गोडे पाणी, ताजे अन्न, खोलीला लागून स्नानगृह या एकेकाळच्या चैनी आज सर्वांत स्वस्त केबिनमध्येही मिळतात. मग वरच्या दर्जाने विकायचे तरी काय?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी ‘दर्जा’ या शब्दाचे सापेक्षपण लक्षात घ्यावे. गांधीजी १९१४ च्या जुलैमध्ये दक्षिण आफ्रिकेतून इंग्लंडला निघाले तेव्हा कस्तुरबा आणि कॅलनबाख यांच्यासह ‘किनफॉन्स कॅसल’ या जहाजावर त्यांनी तिसऱ्या वर्गाने प्रवास केला. आपल्याकडील किनाऱ्याच्या बोटी आणि आगगाड्या यांतल्या तिसऱ्या वर्गाशी त्याची तुलनाच नव्हती, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. हिंदुस्थानात परतताना त्यांना पुन्हा तिसऱ्या वर्गानेच यायचे होते; पण पी अँड ओच्या बोटींवर तिसरा वर्गच नव्हता, म्हणून ते दुसऱ्या वर्गाने आले आणि ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईस उतरले. वर्गाचे नाव रांगेतला क्रमांक सांगते, मुक्कामाची अवस्था सांगत नाही. ज्यांनी १९७०-८० च्या दशकांत ‘कोकण सेवक’ वा ‘कोकण शक्ती’वर डेकवर सतरंजी पसरून भाऊच्या धक्क्यापासून गोव्यापर्यंतची रात्र काढली, त्यांना हे निराळे सांगायला नको.

नाव बदलून दर्जा विकण्याची कलाही जुनीच. अमेरिकेने १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी स्थलांतरितांची संख्या आवळली, तेव्हा अटलांटिकवरील जहाजांचे खालचे मजले ओस पडू लागले. कंपन्यांनी तेच मजले थोडे साफसूफ करून ‘टूरिस्ट थर्ड’ या नव्या नावाने विकायला काढले. गिऱ्हाईक कोण, तर विद्यार्थी आणि शिक्षक! आमच्या वाचकवर्गाचे हे पूर्वज त्या स्वस्त वर्गाने युरोप पाहून आले. काल जी जागा दैन्याची होती ती आज हौसेची झाली.

पुढे १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली आणि कुठेतरी पोहोचण्यासाठी बोटीने जाण्याचे कारणच संपत आले. जहाजे उरली ती हिंडण्यासाठी. रिकामी जहाजे हौशी सफरीवर काढण्याची कल्पना हॅम्बुर्गच्या अल्बर्ट बालीन यांनी १८९१ च्या जानेवारीतच, ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज भूमध्य समुद्रात पाठवून, अमलात आणली होती; आता ती अपवाद न राहता धंदा झाली. आणि हिंडण्याच्या जहाजावर वर्गांच्या भिंती अडचणीच्या ठरू लागल्या. १९५९ च्या ‘रॉटरडॅम’ या डच जहाजात एकमेकांत गुंफलेले दोन जिने होते. सरकत्या पडद्यांची योजना अशी की अटलांटिक ओलांडताना दोन वर्गांच्या प्रवाशांची गाठ पडू नये, आणि सफरीच्या मोसमात पडदे सरकवले की सारे जहाज सर्वांना खुले. समाजशास्त्राचे पुस्तक लाकडात कोरावे तसा हा जिना आहे. १९६९ मध्ये सेवेत आलेले ‘क्वीन एलिझाबेथ २’ देखील अटलांटिकवर दोन वर्गांचे आणि सफरीत एका वर्गाचे असे चालत असे, पण जेवणाचे टेबल खोलीच्या दर्जावरून ठरवण्याची प्रथा क्यूनार्डने सोडली नाही. तथापि कॅरिबियन समुद्रातील नव्या कंपन्यांनी एकवर्गी जहाज हीच आपली ओळख केली. खोली लहान-मोठी, पण दार ओलांडले की सर्व समान, हा जवळजवळ एका पिढीचा करार होता.

हा करार २००५ च्या सुमारास मोडू लागला. नॉर्वेजियन कंपनीने ‘नॉर्वेजियन ज्वेल’वर खासगी अंगणाभोवतीची दालने बांधली, २००८ मध्ये ‘एमएससी फँटाझिया’वर यॉट क्लब आला, पुढे इतरांनीही आपापले राखीव विभाग काढले. पडदे पुन्हा सरकवले गेले, आता फक्त ते कार्डाने उघडतात. हे नेमके याच काळात का घडले? आमच्या मते कारण जहाजांच्या आकारात आहे. २००९ च्या ‘ओएसिस ऑफ द सीज’चे आकारमान सव्वादोन लाख टन, २०२४ मध्ये सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चे जवळजवळ अडीच लाख टन, आणि कमाल प्रवासीसंख्या ७६००. एवढी माणसे एकत्र आली की रांगा आल्या, गलका आला, तलावाकाठच्या खुर्चीसाठी पहाटे टॉवेल टाकून ठेवणे आले. म्हणजे हवा, पाणी, जीव या वस्तू हक्क झाल्यावर नवी दुर्मीळ वस्तू निर्माण झाली : निवांतपणा. फरक असा की समुद्रावर वारा पडणे ही निसर्गाची करणी होती. खुर्ची न मिळणे ही नियोजनाची आहे. जी कंपनी गर्दी जमवते तीच गर्दीतून सुटकेचे तिकीट विकते.

या व्यवहाराचे मर्म ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्येच आगगाडीच्या संदर्भात सांगितले होते. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे आणि बाके लाकडी असत, ते काही छप्पर परवडत नाही म्हणून नव्हे. ज्याला दुसऱ्या वर्गाचे भाडे झेपते त्याने तिसऱ्यात बसू नये, त्याला धाक बसावा, म्हणून. गरिबाला त्रास देण्याचा हेतू नाही. श्रीमंताला घाबरवण्याचा आहे. पण त्रास गरिबालाच होतो. आजच्या जहाजांवर कंपन्या मुद्दाम गैरसोय वाढवतात, असे म्हणण्याइतका पुरावा आम्हांपाशी नाही. परंतु खालच्या दर्जाची गैरसोय ही वरच्या दर्जाची जाहिरात ठरते, तेव्हा ती दूर करण्याची निकड कमी होते, एवढे म्हणायला हरकत नसावी.

दर्जाच्या या शिडीची एक पायरी कोणत्याही तिकिटावर नसते, आणि तिचा संबंध थेट आपल्या किनाऱ्याशी आहे. पी अँड ओच्या बोटींवर जेवणघरात वाढणारे बहुतांशी गोव्याचे होते. डेकवरच्या खलाशांत कोकणातले होते. सारंग आणि टंडेल हे शब्द इंग्रजांनी आपल्याच बंदरांतून उचलले. १९०६ मध्ये ब्रिटिश कायद्याने खलाशाच्या निवासासाठी किमान १२० घनफूट जागा ठरवली, तेव्हा हिंदुस्थानी करारावरचे खलाशी त्यातून वगळले गेले. त्यांच्या वाट्याला ३६ घनफूटच राहिले. यूजीन ओनील यांच्या ‘द हेअरी एप’ (१९२२) या नाटकात पहिल्या वर्गातली तरुणी कुतूहलापोटी कोळसेवाल्यांच्या भट्टीघरात उतरते आणि तेथला माणूस पाहून शुद्ध हरपते. नाटकाची सारी शोकांतिका त्या एका नजरानजरेतून सुरू होते. आजच्या राखीव विभागातील बटलरही पुष्कळदा गोव्याचा वा मुंबईचा असतो. २०१३ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार त्याला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळायला हवी. म्हणजे चौदा तासांचा कामाचा दिवस कायद्यात बसतो. ‘चोवीस तास सेवा’ या शब्दांचा अर्थ लावताना ही संख्या जवळ ठेवावी.

आता मूळ प्रश्न. इतिहासाने दिलेली कसोटी अशी की, वरचा दर्जा ज्या उणिवेवर उतारा म्हणून विकला जातो, ती उणीव आपल्या जहाजावर आणि आपल्या प्रवासात खरोखर आहे काय, हे आधी पाहावे. सहा-सात हजार प्रवाशांचे जहाज आणि सलग चार-पाच दिवस समुद्रावर, तर उणीव खरी आहे. पैसे वाया जाणार नाहीत. रोज सकाळी नवे बंदर आणि संध्याकाळी दमून परतणे असेल, तर राखीव गच्चीवर बसणार केव्हा? कॉर्डेलिया कंपनीच्या सफरी २०२१ मध्ये मुंबईहून सुरू झाल्या, त्या ‘एम्प्रेस’ या १९९० साली बांधलेल्या, सुमारे ४८ हजार टनांच्या जहाजावर. असल्या लहान जहाजावरच्या दोन-तीन रात्रींत मोठ्या जहाजांचे तर्क लागू पडत नाहीत. ज्यांना रांगेत उभे राहणे शारीरिकदृष्ट्या कठीण आहे अशा वृद्धांसाठी मात्र चढण्या-उतरण्यातील अग्रक्रम ही चैन नसून गरज आहे, आणि तिथे हिशेब निराळा होतो.

दुसरे म्हणजे, भाड्यात अंतर्भूत म्हणून सांगितलेल्या वस्तूंपैकी आपण एरवी पैसे देऊन घेतल्या असत्या तेवढ्याच मोजाव्यात. न पिणाऱ्याच्या दृष्टीने अमर्याद मद्याची किंमत शून्य आहे. तिसरे, तुलना त्याच जहाजावरच्या साध्या केबिनशी करून थांबू नये. तेवढ्याच पैशांत एखाद्या लहान, एकवर्गी जहाजावर काय मिळते, किंवा साध्या केबिनमधून दोन सफरी होतात काय, हेही पाहावे. गर्दीतून सुटका विकत घेण्यापेक्षा गर्दीत न जाणे पुष्कळदा स्वस्त पडते.

चौथी गोष्ट हिशेबात मांडता येत नाही. डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्रूझवरील दीर्घ निबंधात एक निरीक्षण आहे : सर्व लाड पुरवले जात असताना बंदरात शेजारी दुसरे जहाज येऊन उभे राहते, ते अधिक शुभ्र दिसते, आणि आपल्या जहाजात खोट दिसू लागते. लाडांनी हाव शमत नाही, तिची पातळी वर सरकते. कार्डाने उघडणाऱ्या दाराआडही पुन्हा लहान आणि मोठे स्वीट असतातच. म्हणून, दार नसते, बाहेर कोणी ताटकळत नसते, तरीही ही खोली आपल्याला एवढ्याच किमतीला हवी असती काय, हा प्रश्न तिकीट काढण्यापूर्वी स्वतःला विचारावा. उत्तर होय असेल तर आपण जागा, शांतता आणि विश्रांती विकत घेत आहोत, खुशाल घ्यावी. उत्तर नाही असेल, तर आपण फक्त दार विकत घेत आहोत, आणि त्याची किंमत बाहेर उभा असलेलाही मोजतो आहे.